पोलादाला शास्त्र, माणसाला नशीब!

समुद्राच्या तळाखाली हजारो फुटांवर जी नळी कोणाच्या नजरेला कधी पडायची नाही, तिचे पोलाद कोणते असावे यावर या देशातले अभियंते महिनोन्महिने खल करतात. आणि बारामती-इंदापूरच्या ज्या टाकीत, ज्या विहिरीत उद्या सकाळी हाडामांसाचा माणूस उतरणार आहे, तिच्याबद्दल विचार करायला कोणाला पाच मिनिटांची सवड नाही! ही तुलना आम्ही अलंकार म्हणून करीत नाही. घातकी वायू दोन्हीकडे तोच आहे आणि जमिनीत भोक पाडले की त्याच्या भिंती ढासळतात हा निसर्गनियमही दोन्हीकडे तोच आहे. फरक इतकाच, की तिकडे नळी फुटली तर कोट्यवधींचा चुराडा होतो म्हणून सगळे जागे असतात. इकडे माणूस मेला तर मदतीचा धनादेश निघतो आणि गाव सुस्कारा टाकून म्हणते, ‘त्याची वेळ आली होती!’

२०२३ साल आठवा. फार लांबचे नाही. मार्च महिन्यात बारामती तालुक्यातल्या खांडजला शेण-मूत साठणाऱ्या टाकीची सफाई करताना विषारी वायूने चौघे गेले; त्यांतले तिघे एकाच घरचे. एक आत अडकला म्हणून दुसरा धावला, दुसरा परतेना म्हणून तिसरा. त्याला पाच महिने होतात न होतात तोच, ऑगस्टच्या आरंभी, इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाच्या वाडीला शंभर फुटांहून खोल विहिरीच्या रिंगचे काम चालू असताना ती ढासळली आणि चार मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. एनडीआरएफची पथके आली, पोकलेन लागले, रात्रीचा दिवस करून माती उपसली. वर आले ते मृतदेह. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत, एका वर्षात, आठ माणसे. वर्तमानपत्रांनी चार दिवस रकाने भरले, सांत्वनाच्या गाड्या येऊन गेल्या, आणि मग ये रे माझ्या मागल्या!

एका ठिकाणी वायूने मारले, दुसऱ्या ठिकाणी विहिरीच्या अस्तराने. तेलविहिरी खोदणाऱ्यांच्या धंद्यात या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करतच नाहीत. विहीर खाली जात असताना भोकाच्या भिंती बसू नयेत आणि एका थरातले पाणी-वायू दुसऱ्या थरात घुसू नयेत, म्हणून पोलादी नळ्यांची रांग आत सोडतात आणि तिच्यामागे सिमेंट भरतात. तिला केसिंग म्हणतात. आपल्याकडचा बोअरवालाही हाच शब्द वापरतो. खालच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असेल, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा तो जहरी वायू, तर अशी विहीर ‘सावर’ ठरते आणि तिचे सारे नियमच बदलतात. हे दूरदेशीचे कौतुक नव्हे. आपल्या वसईचे नाव मिरवणाऱ्या समुद्रातल्या बसीन क्षेत्राचा वायू याच जातीचा आहे. दक्षिण बसीनहून तो नळाने हजिऱ्याला जातो आणि तिथे त्यातला हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढल्यावरच पुढे चुलीपर्यंत पोचतो.

हा वायू पोलादाचे काय करतो ते वाचकांनी जरा नीट समजून घ्यावे, कारण आमचा सगळा मुद्दा त्यात आहे. ओलाव्यासह तो लोखंडाला भिडला की पृष्ठभागावर काळी सल्फाइडची साय धरते आणि हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी हे अणू जोडीजोडीने एकत्र येऊन वायू होऊन उडून गेले असते. सल्फाइड त्यांना जोडी जमवू देत नाही. मग ते सुटेच पोलादाच्या पोटात शिरतात आणि जिथे धातू जास्त कडक आहे, जिथे त्याला ताण बसला आहे, नेमके तिथे गोळा होतात. पाथरवट दगडाच्या छिद्रात लाकडी पाचर ठोकतो आणि तिला पाणी पाजून बसून राहतो, तसे हे काम चालते. बाहेरून नळी धडधाकट दिसते. गंज नाही, पोक नाही. आणि एके दिवशी, जेवढा भार ती सहज पेलेल अशी कागदोपत्री खात्री आहे त्याच्या अर्ध्यावरही ती काचेसारखी तडकते.

आता यातली गंमत पाहा. पोलाद जितके कणखर तितके ते आधी तडकते! म्हणून सावर विहिरीत साध्या पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापाने २२च्या वर जाऊ देत नाहीत. पी-११० नावाची दणकट केसिंग खोल, गरम थरात चालते; वरच्या थंड भागात घातली तर दगा देते, कारण हा तडा आपल्या नेहमीच्या हवेच्या उष्णतेलाच सर्वांत लवकर जातो. तिथे तिच्याहून मऊ एल-८० लागते. वायू अधिक जहाल असेल तर साधे पोलाद बाजूला ठेवून मिश्रधातू शोधावे लागतात. तेरा टक्के क्रोमियमचे पोलाद कार्बन डायऑक्साइडला पुरून उरते, पण हायड्रोजन सल्फाइड थोडा वाढला की हात टेकते. मग बावीस किंवा पंचवीस टक्के क्रोमियमची डुप्लेक्स जात, आणि सगळ्यात वाईट विहिरीला निकेलचे महागडे मिश्रधातू. तेही डोळे मिटून नाही. खालच्या पाण्यात मीठ किती, आम्लता किती, उष्णता किती, गंधक सुटे आहे की काय, हे मोजल्याशिवाय कोणताही धातू ‘चांगला’ ठरत नाही. चांगला धातू अशी वस्तूच जगात नाही. त्या विहिरीला, त्या वायूला, त्या ताणाला चालणारा धातू असतो.

आमच्या तालुक्यांचे तत्त्वज्ञान याच्या नेमके उलटे. ‘जाड टाका, दणकट टाका, आणि स्वस्तात कोण देतो ते बघा!’ झाले शास्त्र.

तेलवाल्यांना ही अक्कल आभाळातून आली नाही. ती त्यांनी प्रेतांच्या आणि फुटक्या नळ्यांच्या राशीवरून शिकून घेतली. १९७५च्या फेब्रुवारीत टेक्सासमधल्या डेन्व्हर सिटीजवळ एका विहिरीतून हा वायू गळला आणि नऊ माणसे दगावली. पुढच्याच वर्षी तिथल्या रेल्वेमार्ग आयोगाने (तेलविहिरींवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याचे नाव तिथे हेच आहे, त्याला इलाज नाही) छत्तिसावा नियम काढला: विहिरीतून वायू सुटलाच तर तो किती अंतरावरच्या घरापर्यंत पोचेल याचा हिशेब मालकाने आधी करून ठेवायचा. धातूंच्या निवडीचे मानक त्याच १९७५मध्ये आले, आणि आज ते आयएसओ १५१५६ या नावाने जगभर चालते. तरीही चूक झाली की शिक्षा होतेच. कझाकस्तानातल्या काशागान क्षेत्रातून सप्टेंबर २०१३मध्ये तेल सुरू झाले आणि काही आठवड्यांत समुद्रातल्या नळांना याच वायूने तडे पाडले. दोन्ही नळ बदलून आतून निकेल मिश्रधातूचे अस्तर असलेले नवे टाकेपर्यंत २०१६ उजाडले. जगातल्या बलाढ्य कंपन्या तिथे भागीदार होत्या. वायूने कोणाचा वशिला पाहिला नाही.

त्या आयएसओ मानकात एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे, आणि आमच्या मते साऱ्या धातुशास्त्रापेक्षा तिचे मोल जास्त आहे. धातू योग्य निवडला की नाही, याची अंतिम जबाबदारी नळी विकणाऱ्यावर नाही. ती वापरणाऱ्यावर, म्हणजे विहिरीच्या धन्यावर आहे. कोणीतरी एक माणूस आपल्या नावाने सही करतो: मी हे तपासले, मी हे निवडले. बारामती-इंदापुरात अशी सही कोण करतो? गोठ्याच्या टाकीला कोणाची सही असते? शंभर फुटी विहिरीच्या रिंगला कोणाची? आम्हाला एक कागद दाखवा!

गोठ्याच्या टाकीपासूनच धरू. शेणामुताच्या बंद टाकीत जे वायू साठतात त्यांतला सर्वांत घातकी हाच हायड्रोजन सल्फाइड. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असेल तर नाकाला झोंबतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची संवेदनाच मारून टाकतो. म्हणजे ‘आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ असे ज्या क्षणी वाटते तोच सर्वांत धोक्याचा क्षण. हजार भागांवर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. वरून पाहणाऱ्याला वाटते, चक्कर आली. तो भावासाठी, बापासाठी उडी घेतो. त्याच्या मायेचा वायूला काय उपयोग?

आणि यातले नवीन काय आहे? खादी आयोगाचे तरंगत्या लोखंडी घुमटाचे गोबरगॅस संयंत्र खेड्यात आले तेव्हाच हा घुमट गंजतो, याला दरवर्षी रंग लागतो, हे घरातल्या बायकांनादेखील कळले होते. म्हणूनच पुढे फायबरचे घुमट आले, १९८४मध्ये विटांच्या पक्क्या घुमटाचे ‘दीनबंधू’ आले. वायू कशाला खातो आणि कशाला खात नाही, हे पाहून साहित्य बदलण्याची अक्कल या देशाच्या शेतकऱ्याला चाळीस वर्षांपूर्वी होती. लोखंडाचा गंजका कीस भरलेल्या डब्यातून गॅस नेला की त्यातले गंधक डब्यातच अडकते, ही युक्तीही जुनीच. जो वायू बर्नर खातो, शेगडीची जाळी खातो, पत्रा खातो, तो फुप्फुसाला सोडील, असे आम्ही कशाच्या जोरावर धरून चाललो?

कारखान्यांकडे वळू. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा ही नावे या दोन तालुक्यांच्या रक्तात आहेत. घरातल्या लग्नाची तारीखसुद्धा उसाच्या बिलावर ठरते. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की दहा-बारा लिटर स्पेंटवॉश मागे उरतो. मळीतले सल्फेट त्यात उतरते आणि हा स्पेंटवॉश सडवून जो बायोगॅस मिळतो त्यात हायड्रोजन सल्फाइड दोन-तीन टक्केही सापडतो. दोन टक्के म्हणजे दहा लाखांत वीस हजार भाग. माणसाला कोसळवायला हजार पुरतात. बाकीचे एकोणीस हजार शिल्लकच! आता तर २०१८च्या ‘सतत’ योजनेपासून हा वायू शुद्ध करून, अडीचशे बार दाबाने सिलिंडरमध्ये कोंबून गाड्यांना विकायचा जमाना आला. चांगले आहे. पण जरा हिशेब करू. भारतीय मानक १६०८७ बायोगॅसमध्ये घनमीटरला वीस मिलिग्रॅम हायड्रोजन सल्फाइड चालवून घेते. म्हणजे दहा लाखांत चौदा भाग. अडीचशे बारला त्याचा वाटा भरतो सुमारे ०.३५ किलोपास्कल. आणि तेलविहिरींचे मानक ज्या रेषेपासून वायूला सावर समजून धातूची चौकशी सुरू करते, ती रेषा आहे ०.३ किलोपास्कल! वायू कोरडा असेल तर भय नाही. पण ज्या दिवशी तो वाळवणारे यंत्र बंद पडेल, ज्या दिवशी शुद्धीकरणातला माल बदलायला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटले जाईल, त्या दिवशी उसाच्या फडातले सिलिंडर आणि बसीनची विहीर एका पंक्तीला बसतील. हा हिशेब किती संचालक मंडळांपुढे मांडला गेला आहे? निविदा उघडताना पोलादाची जात कोणी विचारली, की नुसता तळचा आकडाच वाचला?

टाकीत माणूस उतरवण्याबद्दल कायदा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९४८च्या कारखाने कायद्याचे कलम ३६ पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ ओरडून सांगत आले: वायू साठण्याचा संभव आहे अशा टाकीत, खड्ड्यात, नळात कोणालाही उतरवू नका, जाणकार माणसाने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचे उपकरण आणि कमरेला पट्टा द्यावा आणि त्या पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. किती साधे, किती शहाणे कलम! पण ते कारखान्याच्या फाटकाशी थांबले. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा गटारे आणि सेप्टिक टँकांबद्दल बोलतो. पन्नास म्हशींच्या गोठ्यामागची टाकी या दोहोंच्या मधल्या फटीत पडते. वायूला ही फट दिसत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ही म्हण निदान बारामतीकरांनी तरी खोटी पाडायला हवी होती. सोमेश्वर त्यांच्याच तालुक्यात आहे!

विहिरींची कथा याहून लाजिरवाणी. एकशे चाळीस वर्षांपूर्वी नीरा डावा कालवा आला, सोने पिकले, आणि सोन्यामागोमाग चोपणही आले. विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर गट पाडून पाणी देण्याची पद्धत आणली. पुढे इंग्लिस नावाच्या अभियंता साहेबाने दख्खनच्या कालव्यांखालच्या क्षारपड जमिनींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. म्हणजे या मातीत आणि पाण्यात मीठ आहे, हे सरकारदप्तरी शतकभर नोंदलेले आहे. मग क्षारपड पट्ट्यात बोअर घेणारा आमचा बागायतदार काय करतो? आधी पाणाड्याला बोलावतो. तो तळहातावर नारळ उभा करून रानातून फिरतो, नारळ आडवा झाला की खूण मारतो. पाण्याचा नमुना तपासायला नेत नाही, १९७२पासून पुण्यात असलेल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेची पायरी चढत नाही. मग गाडी लागते. मुरूम संपून कातळ लागेपर्यंत केसिंग उतरले पाहिजे, हे गाडीवाल्याला पक्के ठाऊक असते. पण ‘वीस फूट पुरे, कशाला खर्च?’ म्हटले की मालकही खूश. लोखंडी नळी किलोवर घेतली जाते. खाऱ्या पाण्याने तिची चाळण होते, वरचे घाण पाणी थेट खाली उतरते, आणि तेच पाणी पोराबाळांच्या पेल्यात येते. विहिरीच्या पोलादी नळ्यांना भारतीय मानक ४२७० आहे, पीव्हीसी केसिंगला १२८१८ आहे. बोअरच्या बिलावर यांतला एक आकडा तरी कोणी छापलेला पाहिला आहे काय?

रिंगच्या विहिरीत तर मरणाशीच उघड सौदा चालतो. काळी माती आणि मुरूम पाणी पितात तेव्हा त्यांचे वजन वाढते, रेटाही वाढतो. काँक्रीटला जोर धरायला दिवस लागतात. किती खोलीपर्यंत खणून किती फूट रिंग भरायची, मागची पोकळी कशाने भरायची, पाऊस लागला तर काम थांबवायचे की नाही, हे ठरवणे स्थापत्य अभियंत्याचे काम. बारामतीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतने आहेत. दरवर्षी पदव्यांची खैरात होते. यांतला एकही पदवीधर विहिरीच्या काठावर का दिसत नाही? कारण त्याला कोणी बोलावत नाही. ठेकेदार ‘अनुभवी’ असतो, मजूर रोजावर असतो, आणि मालकाला पावसाच्या आत काम उरकायचे असते. खाली उतरणारा रोजंदारीचा माणूस आणि वर काठावर उभे राहून ‘चला, चला’ म्हणणारा बागायतदार, यांच्यात जो दोर असतो तो फक्त माती वर ओढायचा असतो. कमरेचा नव्हे!

याच बारामतीत कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारात उसाला पाणी केव्हा द्यावे, खत किती द्यावे हे कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते. देशोदेशीचे लोक पाहायला येतात. आम्हालाही त्याचा अभिमान आहे. पण उसाची तहान उपग्रहावरून ओळखणाऱ्या तालुक्यात टाकीतला वायू ओळखणारा खिशात मावेल एवढा मापक गावात नसावा? एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत तो येतो. सत्काराच्या शालींवर जेवढे उधळले जाते त्यात प्रत्येक गावाला मापक, हवा मारायचा पंखा, तिपाई आणि पट्टा-दोर सहज येईल. विकास सोसायटीने फवारणी पंप ठेवावा तसे हे ठेवावे, आणि कलम ३६ची ती लेखी चिठ्ठी गोठ्याच्या टाकीलाही लागू करावी. ज्या दूध संस्थेला त्या गोठ्याचे दूध हवे आहे, तिनेच ही चिठ्ठी मागितली तर कायदा बदलण्याची वाटदेखील पाहावी लागणार नाही. विहिरीचे अनुदान असो की कर्ज, रिंगच्या आराखड्यावर अभियंत्याची सही नसेल तर पहिला हप्ता सुटता कामा नये. कोणी म्हणेल, शेतकऱ्यावर आणखी एक कागद! होय, आणखी एक कागद. उसाच्या नोंदीला सात-बारा चालतो, कर्जाला दहा सह्या चालतात. मग मजुराच्या जिवासाठी एक सही जड का व्हावी?

‘नशिबात होते’ म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच विचारणे आहे: तुमच्या कारखान्याचा बॉयलर नशिबावर सोडता काय? तिथे निरीक्षक येतो, दाब तपासतो, दाखला देतो, आणि दाखल्याविना धुराडे पेटत नाही. तिथे नशीब कुठे जाते?

साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांत उसाच्या दरावरून खुर्च्या उचलल्या जातात, ध्वनिक्षेपक हिसकावले जातात. यंदा सभासदांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत. आपल्या आसवनीच्या आणि बायोगॅसच्या टाक्यांचे धातू कोणी निवडले, त्याचे नाव आणि सही दाखवा. आणि गेल्या वर्षभरात टाक्यांत उतरलेल्या प्रत्येक माणसाचा लेखी दाखला सभेपुढे ठेवा. अध्यक्ष ‘मंजूर, मंजूर’ म्हणून पुढच्या विषयावर जाऊ लागले, तर खाली बसू नका.